धाकू पाताडे अनवाणी गाडी चालवायचा

धाकू पाताडे हा माणूस श्यामकांत देवस्थळीला कितपत ठाऊक होता, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर 'फारसा नाही' असंच आहे. आठ वर्षं दोघं एकाच आवारात वावरले. मुलुंडच्या जकात नाक्याजवळ एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं ते आवार. श्यामकांत तिथे बुकिंग क्लार्क आणि धाकू तिथला सर्वांत जुना ड्रायव्हर. पण धाकूचं गाव मालवणच्या कुठल्या अंगाला, त्याला मुलं किती, त्याला कशाची आवड होती, यातलं काहीही श्यामकांतला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. ठाऊक आहे तो एक दिवस. त्या दिवसाचंही सगळं नीट लक्षात आहे असं नाही. काही वेळा नंतर ऐकलेलं आणि तेव्हा पाहिलेलं यांची सरमिसळ होते. तरी जेवढं आहे तेवढं सांगायला हरकत नसावी.

धाकूला आवारात लोक शिष्ट म्हणायचे. त्याला मागून हाक मारली तर तो वळत नसे. दोनदा, तीनदा हाका माराव्या लागायच्या आणि मग माणूस चिडून समोर जाऊन उभा राहिला की धाकू शांतपणे विचारायचा, काय झालं? दुसरं म्हणजे तोंडात पान किंवा तंबाखू धरून कोणी बोलायला लागलं की तो सरळ सांगायचा, "आधी थुकान ये, मगे बोल." मालक शिवदासशेठ स्वतः तंबाखूवाले. त्यांनाही त्याने एकदा असं सुनावलं होतं. शेठ हसले, पण विसरले नाहीत.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे तो अनवाणी गाडी चालवायचा. केबिनमध्ये चढण्याआधी चपला काढून सीटखाली सारायचा. उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीने केबिनचा पत्रा तव्यासारखा व्हायचा, तरीही. लोक म्हणत, गाडीला लक्ष्मी मानतो. बाकीचे ड्रायव्हर आरशाला लिंबू-मिरची बांधायचे, हा चपला काढायचा, एवढाच फरक. कोणी विचारलंच तर धाकू म्हणायचा, चपलेत पाय जळतात. हे उत्तर उलटंच होतं, पण पुढे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही.

त्याच्या गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे सत्तेचाळीस, म्हणून तिला सगळे सत्तेचाळीस म्हणत. सोळा वर्षांची गाडी. सहा सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन, केबिनच्या आतच, ड्रायव्हरची सीट आणि बाजूची सीट यांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. नागपूर, इंदूर, रायपूर असे पल्ले तिने धाकूच्या हाताखाली मारले होते. सकाळी इंजिन चालू केलं की धाकू दहा मिनिटं गाडी जागची हलवत नसे. झाकण काढून, एका मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा आणि त्याची लाकडी मूठ दातांत धरायचा. डोळे मिटून एकेका सिलिंडरपाशी असं करायचा. मग मेस्त्रीला सांगायचा, तिसऱ्याचं कायतरी बिनसलंय. मेस्त्री उघडून बघायचा तर तिसऱ्याचंच बिनसलेलं असायचं. दुसरे मेस्त्री मूठ कानाला लावतात, हा दाताला लावतो, यावर आवारात पुष्कळ विनोद झाले. धाकू इंजिन चावून बघतो, असं म्हणायचे.

त्याच्याबरोबर दादू नावाचा क्लीनर असायचा. पंचेचाळिशीचा, धाकूच्याच गावचा. इतकी वर्षं क्लीनर राहिलेला माणूस श्यामकांतने दुसरा पाहिला नाही. लोक पाच-सहा वर्षांत स्टिअरिंग हातात घेतात. दादूला विचारलं की तो म्हणायचा, मी बरा आहे इथेच.

शहाऐंशी सालच्या जानेवारीची गोष्ट. शेठनी दोन नव्या गाड्या घेतल्या होत्या आणि सत्तेचाळीसला कुर्ल्याच्या भंगारात द्यायचं त्यांच्या मनात घोळत होतं. तेवढ्यात अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं काम आलं. दर आठवड्याला जड यंत्रं नागपूरला पोचवायची. नव्या गाड्या आधीच दुसऱ्या कामांना बांधलेल्या होत्या. शेठनी धाकूला बोलावून स्पष्ट सांगितलं. पहिली खेप सत्तेचाळीस नेईल. कसाऱ्याचा घाट चढून नागपूरला जाऊन धड परत आली तर गाडीही राहील आणि तूही राहशील. वाटेत बसली तर गाडी कुर्ल्याला आणि तू गावाला. पंचावन्न वर्षांच्या माणसाच्या हातात मी नवी गाडी देणार नाही.

धाकू शेठच्या तोंडाकडे टक लावून बघत उभा होता. त्याने मान डोलावली आणि गेला.

श्यामकांतला हे ऐकून वाईट वाटलं. धाकूशी त्याची काही मैत्री नव्हती. पण सात वर्षं रोज एका माणसाला गाडी बाहेर काढताना पाहिलं की ती गाडी आपलीही थोडी होते. या भावनेतूनच त्याने ती चूक केली. त्याआधी त्याने कधी गाडीला हात लावला नव्हता, तेच बरं होतं.

खेपेच्या आदल्या दिवशी मेस्त्रीने सत्तेचाळीसचं सर्व्हिसिंग केलं. जुन्या गाड्यांत इंजिनात जाणारी हवा गाळायला पत्र्याचा एक डबा असे, एअर क्लीनर म्हणतात तो. डब्याच्या तळाशी तेल भरलेलं असतं. हवा त्या तेलावरून जाते, धूळ तेलात राहते. डब्याच्या आत एक रेष कोरलेली असते, तेल तिथपर्यंतच भरायचं. मेस्त्रीने रेषेपर्यंत भरलं, झाकण नुसतं टेकवून ठेवलं आणि जेवायला गेला. शेजारी कॅनमध्ये लिटरभर तेल उरलं होतं. श्यामकांत किती तेल लागलं ते विचारायला आला होता. त्याने झाकण उचलून पाहिलं. तेल अगदीच तळाशी दिसलं. घरी त्याची आई रात्रभर जळायची समई काठोकाठ भरते, मध्येच शांत होऊ नये म्हणून. नागपूर तर केवढं लांब. धाकूच्या गाडीला वाटेत काही कमी पडायला नको, असं म्हणून त्याने कॅन सगळाच्या सगळा डब्यात रिता केला आणि झाकण लावून टाकलं. मेस्त्रीने परत येऊन क्लिपा आवळल्या. आत कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की दादूला कावीळ झाली आहे, डोळे पिवळेजर्द, उठवत नाही. धाकू तडक शेठच्या टेबलापाशी गेला. धाकूला आर्जव करताना श्यामकांतने प्रथमच पाहिलं.

"दोन दिवस थांबा, शेठ. दादू उठतलो."

शेठ म्हणाले की क्लीनर आजारी म्हणून कारखान्याचा माल थांबत नसतो. माल तपासून कागदांवर सह्या करायला श्यामकांत जाणारच आहे, तो मुलुंडपर्यंत बाजूला बसेल. मुलुंडहून पुढे नागपूरला दुसरा क्लीनर देतो. धाकू आणखी काही बोलू पाहत होता, पण शेठनी मान खाली घालून कागद वाचायला सुरुवात केली. धाकू तिथेच उभा राहिला. बराच वेळ. शेवटी श्यामकांतने त्याच्या बाहीला हात लावला तेव्हा तो दचकला.

अंधेरीला यंत्र चढवता चढवता दुपारचे दोन वाजले. नऊ टनांचं धूड, साखळदंडांनी चारी बाजूंनी आवळलेलं. श्यामकांत धाकूच्या डाव्या हाताला बसला. पाय कुठे ठेवावे कळेना, इंजिनाचं झाकण गुडघ्याला चटके देत होतं. धाकूने मात्र डावा गुडघा त्या झाकणाला मुद्दाम टेकवल्यासारखा ठेवला होता. साकीनाक्यापर्यंत श्यामकांतने एकदोनदा काहीतरी विचारलं, दादूला औषध कोणाचं चालू आहे वगैरे. धाकू समोर बघत राहिला. श्यामकांतच्या मनात आलं, हा आपल्यावर रागावला आहे, दादूच्या जागी कारकून गळ्यात मारला म्हणून.

साकीनाका सोडून घाटकोपरकडे येताना असल्फ्याच्या टेकडीजवळ चढ लागतो. धाकूने खालचा गिअर टाकला. इंजिन घुमायला लागलं. श्यामकांतला तो आवाज नेहमीसारखाच वाटला, चढावर असतो तसा. मग तो वाढला. वाढतच गेला. श्यामकांतला वाटलं की धाकू रागाच्या भरात गाडी दामटतोय. त्याने बाजूला पाहिलं तर धाकूने पाय ॲक्सिलरेटरवरून कधीच उचलला होता. पाय हवेत होता आणि इंजिन तरीही वर वर चढत होतं.

आरशात मागे निळसर पांढरा धूर दिसत होता, इतका की मागचा रस्ताच गेला होता.

धाकूने डॅशबोर्डखालची तार ओढली. या इंजिनांना किल्लीने बंद करता येत नाही, ती तार ओढली की डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं. त्याने ती पार हातात येईपर्यंत ओढली. काही फरक पडला नाही. श्यामकांतला तेव्हा कळलं नव्हतं, पण इंजिन आता डिझेलवर चालतच नव्हतं. अंधेरीला जाताना गाडी रिकामी होती म्हणून निभावलं; आता नऊ टन घेऊन चढताना हवेच्या ओढीने डब्यातलं जास्तीचं तेल उसळून आत जायला लागलं होतं, आणि इंजिन ते तेल पिऊन पळत होतं. तेल संपेपर्यंत किंवा स्वतः फुटेपर्यंत ते थांबणार नव्हतं.

आता चढ संपून उतार लागला. पुढे एक रिक्षा, तिच्या पुढे शाळेची बस. नऊ टन पाठीवर. धाकू ब्रेकवर जवळजवळ उभा राहिला होता. गाडी हळू होत होती आणि इंजिन तिला पुन्हा पुढे रेटत होतं. श्यामकांतला एवढं समजत होतं की क्लच दाबला तर गाडी इंजिनापासून सुटेल. तो ओरडला, "क्लच दाबा ना!" धाकूने ऐकलं न ऐकलंसं केलं. ते बरंच झालं, असं पुढे मेस्त्री म्हणाला. गाडीच्या वजनानेच ते इंजिन धरून ठेवलं होतं. क्लच दाबला असता तर ते मोकळं सुटून त्याचे तुकडे केबिनमध्ये आले असते. पण ब्रेकही किती वेळ धरणार. जळका वास यायला लागला होता.

धाकूने स्टिअरिंगवरचा एक हात सोडून मधल्या झाकणावर थाप मारली.

"झाकण काढा. हवेच्या डब्याचा तोंड दाबा. गोणपाट घाला. हात नुको, हात आत ओढतला."

श्यामकांतने झाकणाच्या क्लिपा ओढल्या. बोटं भाजली. आतून गरम हवेचा आणि आवाजाचा असा लोट आला की डोळे मिटले. आत नळ्या, पत्रे, तारा. डबा दिसला, पण त्याला तोंड कुठलं. एका बाजूला जाड रबरी नळी, वरती एक पत्र्याची टोपी, खाली आणखी काहीतरी. त्याने विचारलं, तोंड कुठलं, वरचं की बाजूचं? धाकू समोर बघत होता. त्याने पुन्हा विचारलं, ओरडून, अगदी कानापाशी. धाकूने उत्तर दिलं नाही. हा माणूस आपल्याला आत्ता, या वेळेला, उत्तर देत नाही, याचा श्यामकांतला इतका संताप आला की भीती क्षणभर मागे पडली. त्याने पायाखालचं गोणपाट उचललं, घडी घातली आणि जिथे हवा आत खेचली जातेय असं हाताला जाणवलं तिथे, बाजूच्या वाटीएवढ्या तोंडावर, दोन्ही तळव्यांनी दाबलं. गोणपाट आतून कोणी धरून ओढावं तसं ओढलं गेलं. त्याने बसायची गादी उपसून त्यावर घातली आणि छातीने रेटली.

इंजिन अडखळलं. एकदा, दोनदा धडधडलं, सगळी केबिन हादरली. आणि बंद पडलं.

गाडी शाळेच्या बसपासून दोन हातांवर उभी होती. बसच्या मागच्या काचेतून दोन मुली धुराकडे बोट दाखवत हसत होत्या.

धाकूने हँडब्रेक ओढला, स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि तसाच बसला. मग खाली उतरला. बस गेल्यावर सात-आठ माणसांनी धक्के दिले, उताराचाही आधार होता, तेव्हा गाडी कशीबशी रस्त्याच्या कडेला, एका दगडी भिंतीशी लागली. धाकूने डबा उघडला. आत बोट घातलं आणि ते वर धरलं. तेल मनगटापर्यंत ओघळलं. एवढं आत जाऊनसुद्धा ते रेषेच्या कितीतरी वर होतं.

"ह्या कोणी भरल्यान?"

श्यामकांतने सांगितलं, मी. आवाज फुटला की नाही त्याला शंका होती. पण धाकू त्याच्या ओठांकडेच बघत होता आणि त्याला ते कळलं. त्याने फडकं काढून हात पुसला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

धाकूने जास्तीचं तेल काढलं, डबा पुसून रेषेपर्यंत आणला, नळीत साचलेलं काढलं. या कामात तास-दीड तास गेला. मग हळूच इंजिन चालू केलं. थोडा वेळ धूर ओकून ते ताळ्यावर आलं. धाकूने स्क्रू-ड्रायव्हर काढला, मूठ दातांत धरून सहाही सिलिंडर पाहिले. पाचव्यापाशी तो रेंगाळला. बाकी बरी आहे म्हणाला. श्यामकांतच्या जिवात जीव आला. गाडी वाचली होती.

समोर भिंत, त्यामुळे गाडी मागे घेऊन काढायला हवी होती. दोघं वर चढले. धाकूने रिव्हर्स टाकला. श्यामकांत खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे बघत होता, दुसरं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. गल्लीतून एक हातगाडीवाला निघाला, लादीचं ओझं लादलेला. त्याला ट्रक मागे येतोय हे दिसलं आणि तो ओरडला. श्यामकांतही ओरडला, थांबा, थांबा. इंजिन अगदी संथ चालू होतं, आवाज असा नव्हताच. शेजारच्या पानवाल्यालासुद्धा ते ऐकू गेलं, तोही उठून उभा राहिला. धाकू गाडी मागे घेतच राहिला. हातगाडीची दांडी काडकन मोडली तेव्हा तो धक्का त्याच्या हातांना लागला आणि त्याने ब्रेक दाबला. हातगाडीवाला वीतभर अंतराने वाचला होता. तो जमिनीवर बसून आपले पाय चाचपून पाहत होता, जागेवर आहेत का म्हणून.

धाकू खाली उतरून तिथे गेला. त्या माणसाने त्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. धाकू ऐकून घेतल्यासारखा उभा राहिला. लोक जमले, बोलले, पांगले. दांडीची भरपाई देऊन तो परत आला आणि गाडीच्या पायरीवर बसला.

श्यामकांत त्याच्या पाठीशी उभा होता. त्याने हळूच म्हटलं, "धाकूभाऊ." मग जरा मोठ्याने. मग रस्त्यावरून जाणारा एक माणूस वळून बघेल इतक्या मोठ्याने. धाकूची मान हलली नाही.

श्यामकांत समोर जाऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण धाकूला ते वाचता आलं.

"माका ऐकाक येना नाय, श्यामराव," तो म्हणाला. "मिलात व्हतंय तेव्हापासून कमी. आता कायच नाय."

मग त्याने तुटक तुटक सांगितलं ते असं. तरुणपणी तो गिरणीत मागावर होता. तिथे यंत्रांच्या आवाजात कोणालाच कोणाचं ऐकू येत नसे, सगळे ओठांवरून बोलणं ओळखायचे. पुढे गिरणी सोडून तो ड्रायव्हर झाला, कान हळूहळू गेले, ओठ वाचायची सवय राहिली. गाडी त्याला पायाला कळते, गुडघ्याला कळते, दाताला कळते. तिच्यासाठी कान लागत नाहीत. रस्त्यावरच्या माणसांसाठी दादू. मागून हॉर्न आला की दादू मधल्या झाकणावर दोनदा थापटायचा. थांबायचं असलं की एकदा. गाडी मागे घेताना तो खाली उतरून पाठीमागच्या फळीवर थाप मारायचा, ती स्टिअरिंगमधून हाताला यायची. ट्रकच्या पत्र्यावर थापा मारणारे क्लीनर सगळीकडेच असतात, म्हणून इतक्या वर्षांत कोणाला वावगं वाटलं नाही.

"गाडी माका पायाक सांगता. माणसा पायाक सांगनत नाय."

इथून मुलुंडपर्यंत मी थापटतो, श्यामकांत म्हणाला.

तो सात-आठ मैलांचा रस्ता श्यामकांतला नागपूरइतका लांब वाटला. घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप. चारही बाजूंनी हॉर्न. कुठला आपल्यासाठी आणि कुठला दुसऱ्यासाठी, याचा त्याने जन्मात विचार केला नव्हता. दोन थापा. दोन थापा. भांडुपला एक सायकलवाला डावीकडून आत शिरला, तेव्हा एक थाप, तीही इतक्या जोरात की तळहात सुजला. धाकूने तत्क्षणी ब्रेक दाबला होता. त्याच्या गुडघ्याला श्यामकांतचं बोलणं नीट कळत होतं. सात वर्षांत त्यांचं एवढं संभाषण पहिल्यांदाच होत होतं, पण हे श्यामकांतच्या मनात तेव्हा आलं नाही. तेव्हा त्याच्या मनात एकच होतं: मुलुंडला शेठ विचारतील, तेव्हा काय सांगायचं. तेलाचं सांगितलं तर आपली नोकरी. नाही सांगितलं तर शेठ म्हणणार इंजिन संपलं, गाडी कुर्ल्याला आणि धाकू गावाला. आणि कानांचं सांगितलं तर? नाही सांगितलं तर? मुलुंडहून पुढे नवा क्लीनर बसणार होता, त्याला थापांमधलं काही ठाऊक नसणार, आणि कसाऱ्याचा घाट.

भांडुप सुटल्यावर धाकू समोर बघत एवढंच म्हणाला की शेठला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यानंतर त्याने श्यामकांतच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही, म्हणजे उत्तर त्याला नकोच होतं.

शेठ आवाराच्या फाटकातच उभे होते. दोन तास उशीर, आणि सबंध गाडीला जळक्या तेलाचा वास. ते काही विचारायच्या आत श्यामकांतने तेलाचं सांगून टाकलं. समईचं सोडून सगळं सांगितलं. शेठनी ऑफिसात नेऊन त्याची जी हजेरी घेतली ती बाहेरच्या हमालांनीही ऐकली. "तू कारकून आहेस, कारकुनी कर. माझ्या गाडीला परत बोट लावलंस तर घरी बसवीन." श्यामकांत मान खाली घालून उभा होता. नोकरी गेली नव्हती. धाकू दारात चपला काढून आत येऊन उभा राहिला होता.

मग शेठनी हातगाडीचं विचारलं. मागच्या फळीवरचा लादीचा ओरखडा त्यांना दिसला होता, आणि गाडी मागे घेताना हातगाडीला धक्का लागला एवढं श्यामकांतने सांगितलं होतं.

"तो हातगाडीवाला ओरडला नाही?"

"ओरडला," श्यामकांत म्हणाला.

"मग?"

श्यामकांत धाकूकडे बघू लागला. शेठ मूर्ख नव्हते. ते एकदा श्यामकांतकडे आणि एकदा धाकूकडे बघत राहिले. मग उठले, पाणी प्यायला जावं तसे धाकूच्या मागे गेले आणि कोपऱ्यातली चाकाचे नट खोलायची लोखंडी टॉमी उचलून त्याच्या पाठीमागे फरशीवर सोडून दिली.

आवाज कानठळ्या बसवणारा होता. धाकूने शांतपणे मागे वळून पाहिलं.

"कान तर शाबूत आहेत रे," शेठ म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

श्यामकांत धाकूच्या पायांकडे बघत होता. अनवाणी पाय, फरशीवर सपाट टेकलेले. टॉमी पडल्याचं त्याला पायांनी सांगितलं होतं. आता कोणी काही बोललं नाही तर सगळं मिटलं होतं. गाडी शाबूत, धाकू शाबूत, नोकरी शाबूत. श्यामकांतने तोंड उघडलं नाही. ते धाकूवरच्या मायेने, की दिवसभराच्या थकव्याने, की निव्वळ भित्रेपणाने, हे त्याला आजही नक्की सांगता येत नाही.

शेठ टेबलाशी परत येऊन पहाटे निघण्याचं सांगू लागले. धाकूने त्यांना बोलू दिलं. मग खिशातून सत्तेचाळीसची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"फरशी हलली म्हणान वळलंय," तो म्हणाला. "माका ऐकाक येना नाय, शेठ. गाडी बरी आसा. तिका दुसऱ्या कोणाक द्या."

शेठनी किल्लीकडे पाहिलं. मग ते उठून खिडकीपाशी गेले, तोंडातला तंबाखू बाहेर थुंकले, परत येऊन धाकूच्या समोर बसले आणि त्याला दिसेल असं हळूहळू म्हणाले, "किती वर्षं?"

धाकूने हाताची बोटं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

पहाटे गुणाजी नावाचा ड्रायव्हर सत्तेचाळीस घेऊन निघाला. धाकूने दहा मिनिटं इंजिन तापवून दिलं, मूठ दातांत धरून सगळं तपासलं, पाचव्याकडे लक्ष ठेव म्हणून गुणाजीला सांगितलं. गाडी फाटकाबाहेर वळली तेव्हा तो तिच्याकडे पाठ करून टाकीवर हात धूत होता. सहाव्या दिवशी सत्तेचाळीस धड परत आली. आणखी तीन वर्षं चालली.

शेठनी धाकूला गावाला पाठवलं नाही. तो आवारातच राहिला. दुसरे ड्रायव्हर आपापली इंजिनं त्याच्यापाशी आणायचे आणि तो दातांनी तपासून सांगायचा. लोक आता त्याच्यासमोर येऊन बोलायचे, तोंडं मोकळी करून. श्यामकांतला हे बघून बरं वाटायचं. पण त्या विषयावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. श्यामकांतने तेलाबद्दल धाकूची माफी मागायची ठरवलं होतं. एकदा त्याने वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. ते राहूनच गेलं.

पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये धाकू शिमग्याला गावी गेला तो परतलाच नाही. दोन महिन्यांनी दादू एकटाच आला आणि त्याने सांगितलं, झोपेतच गेला. बायको रत्नप्रभा शेजारी होती, तिलाही सकाळी कळलं.

गावी जायच्या आदल्या संध्याकाळी धाकू ऑफिसात आला होता. श्यामकांत बिलं लिहीत होता. धाकू टेबलाला हात टेकून थोडा वेळ उभा राहिला. श्यामकांतने मान वर केली.

"तुमच्या टेबलाचो पाय हलता," धाकू म्हणाला. "खाली पुठ्ठो घाला."

"उद्या घालतो," श्यामकांत म्हणाला.